सुई आईला का, आजार तर बाळाचा

"सिस्टर, आजार लेकराला हुतोय, मग सुई मला का वो?"

हा प्रश्न मला उपकेंद्राच्या ओट्यावर विचारलाय, उसाच्या फडात विचारलाय, आणि आता निवृत्तीनंतर सांगलीत आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्येही विचारतात. पूर्वी विचारणारी अंगठा उठवायची, आता लॅपटॉपची बॅग खांद्याला असते. प्रश्नात काडीचा फरक नाही. मला तो आवडतो, कारण विचारणारीनं थोडा विचार केलेला असतो. पण लसीकरणाच्या दिवशी बाहेर रांग, आत रडारड, टेबलावर रजिस्टरांचा ढीग. तेव्हा आमच्याकडून उत्तर मिळायचं ते एवढंच: "बाळासाठीच असतंय, हात सैल सोड." आता वेळ आहे, तर नीट सांगते.

गरोदरपणी दंडात टोचतात ती लस धनुर्वाताची. आधी ती टीटी होती. गेल्या काही वर्षांत तिच्या जागी टीडी आली, तिच्यात धनुर्वाताच्या जोडीला घटसर्पाचीही लस असते. लोक अजून टीटीच म्हणतात, म्हणू देत.

धनुर्वाताचा जंतू मातीत असतो, शेणात असतो, गंजक्या खिळ्यापेक्षा किती तरी जास्त तुमच्या गोठ्यात असतो. तो टणक कवचात वर्षानुवर्षं पडून राहतो, साध्या उकळीलाही लगेच दाद देत नाही. आणि हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ही गोष्ट फार जणांना माहीत नसते. गोवरात आजूबाजूच्या सगळ्यांनी लस घेतली तर न घेतलेलं एखादं पोर आडोशाला राहतं. धनुर्वातात तसा आडोसा नाही. सगळ्या गावानं सुई घेतली आणि तुम्ही नाही घेतली, तर तुमच्यापुरतं गावानं काहीच केलेलं नसतं, कारण जंतू गावकऱ्यांच्या अंगात नाही, पायाखालच्या मातीत आहे.

नवजात बाळाला तो शिरायला वाट मिळते नाळेची. कापलेली नाळ म्हणजे उघडी जखम. तिला माती लागलेलं पातं लागलं, किंवा वर राख, शेण, हळद-तेल काही लावलं, की जंतू आत. त्याचं विष नसांपर्यंत पोचायला काही दिवस जातात. त्यामुळं पहिले दोन दिवस बाळ झकास असतं, दूध ओढतं, रडतं. मग तिसऱ्या दिवसापासून पुढं कधी तरी दूध धरेनासं होतं. बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत असं एक बाळ मी पाहिलंय. गळीत हंगाम होता. कारखान्याच्या तळावर बीडकडची टोळी उतरलेली, पाचटाच्या कोप्या. त्यातल्या एका कोपीत रात्री बाळंतपण झालेलं, आम्हाला पत्ता नाही. कळलं तेव्हा बाळ सहा दिवसांचं. आई म्हणाली, "कालपास्नं धरंनाच." मी करंगळी धुऊन बाळाच्या तोंडात घातली. धडधाकट बाळ लगेच चोखायला लागतं. या बाळानं जबडा घट्ट आवळला, बोट बाहेर काढायला मला दुसऱ्या हातानं आधार द्यावा लागला. ओठ दोन्हीकडं ताणलेले, कपाळाला आठ्या, मुठी वळलेल्या. तेवढ्यात रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, टेप मोठ्यानं लावलेला. त्या आवाजासरशी बाळ डोक्यापासून टाचेपर्यंत ताठ झालं आणि पाठीतून मागं वळलं. रडायला तोंड उघडत नव्हतं, शुद्ध मात्र पूर्ण होती. या आजाराचं सगळ्यात वाईट ते हेच, बाळाला सगळं कळत असतं.

नाळ कोयत्यानं कापलेली. "इस्तवावर धरला हुता की," सासू पुनःपुन्हा सांगत होती. बाईनं आपल्या परीनं काळजी घेतलीच होती. नाळेवर चुलीतली राख दाबली होती, तीही काळजीनंच. जीपमधून मिरजेला नेलं. तिथं अंधाऱ्या खोलीत ठेवलं, उजेड नको, आवाज नको, हात लावणं नको. वाचलं नाही.

आता खरं उत्तर. त्या बाळाला जन्मल्या क्षणी लस टोचली असती तर? काही उपयोग नव्हता. लस म्हणजे औषध नव्हे. ती शरीराला शिकवते, आणि शिकायला आठवडे लागतात, तेही एका डोसात होत नाही. आजार मात्र पहिल्या आठवड्यात दारात. म्हणजे बाळापाशी वेळच नाही. वेळ आहे तो आईपाशी. तिला आधी टोचलं की तिच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे आजाराशी लढणारे घटक, तयार होतात आणि ती वारेतून बाळाकडं जातात, सगळ्यात जास्त शेवटच्या काही आठवड्यांत. बाळ जन्माला येतं ते आईनं बांधून दिलेली ही शिदोरी घेऊनच. सुई आईच्या दंडात असली तरी लस दोघांची असते. अडल्या जागी, मळक्या हातांनी बाळंतपण झालं तर धनुर्वात बाळंतिणीलाही होतो, त्यातून तीही वाचते.

म्हणूनच आम्ही "दिवस गेले की लगेच नाव घाला" म्हणून मागं लागतो. नोंद होताच पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा, शक्यतो छत्तिसावा आठवडा उलटायच्या आत. उशीर झाला म्हणून देत नाहीत असं नाही. एकही डोस न घेतलेली बाई कळा देत आली तरी तिला टोचायचं असा नियम आहे. पण तो डोस तिच्या कामाचा आणि पुढच्या खेपेच्या कामाचा. या बाळाची शिदोरी तेवढ्यात बांधून होत नाही.

१९८८ साली जगभरात या एका आजारानं सुमारे ७ लाख ८७ हजार नवजात बाळं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं याच संघटनेनं मान्य केलं. हे एकट्या लसीनं झालं म्हणणं खोटं ठरेल. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, नवं कोरं ब्लेड आलं, नाळेवर काही लावायचं नाही हे सुइणींना शिकवलं. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ ही पाच स्वच्छतांची उजळणी आम्ही इतकी केलीय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण "हटला" याचा अर्थ इथं वेगळा आहे. पोलिओचा शेवटचा रुग्ण देशात जानेवारी २०११ मध्ये सापडला, त्यानंतर नाही. धनुर्वाताचं तसं नाही. प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागं एकाहूनही कमी बाळाला, एवढाच या हटण्याचा अर्थ. माती आहे तिथंच आहे. त्यामुळं "आता तो रोगच नाही, मग कशाला" हे इथं चालत नाही.

जुन्या बायका "आमच्या वेळी कुठं होतं हे" म्हणायच्या, तेव्हा मी वाद घालत नसे. पाचवीच्या रात्रीची आठवण काढायची. आपल्याकडं पाचवी पुजतात, पाटा मांडतात, विळा ठेवतात, सटवी येऊन कपाळी लिहिते म्हणून रात्र जागवतात. एका आजीबाईंनी मला स्वतःहून सांगितलं, तिची दोन लेकरं सटवीनंच नेली, एक सातव्या रात्री, एक नवव्या. "त्वांड मिटलं आन् आकडी आली." आता या रात्री नेमक्या भीतीच्या का ठरल्या, याला शास्त्रीय पुरावा माझ्याकडं नाही, हा माझा आपला कयास: पहिल्या आठ-दहा दिवसांतच काही तरी येऊन बाळ नेतं, हे बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं होतं. पाहण्यात त्या चुकल्या नव्हत्या. मी कधी कुणाला पाचवी पुजू नका म्हटलं नाही. पुजा, फक्त विळा नाळेला लावू नका.

सुईनं गर्भ पडतो, ही भीती मात्र सगळ्या थरांत आहे, लॅपटॉपवालीलाही. या लसीत जिवंत जंतू नसतो. त्याचं विष निकामी करून वापरतात, त्यातून आजार होऊच शकत नाही. पहिल्या तीन महिन्यांत काही गर्भ सुईशिवायही टिकत नाहीत, आणि नेमकं त्याच आठवड्यात कुणी टोचून घेतलेलं असलं की दोष सुईवर. दंड दुखतो, थोडी गाठ येते, क्वचित कणकण. चोळायचं नाही, शेकायचं नाही, आपोआप उतरतं.

लिफ्टमधली मंडळी विचारतात, "सरकारी लस चांगली असते का हो?" त्यांना मी आमच्या पेटीबद्दल सांगते. लस दोन ते आठ अंशांत ठेवायची. सगळ्यांना वाटतं, जेवढी गार तेवढी बरी. पण टीडी गोठली की वाया गेली. म्हणून फ्रीजरमधले आइसपॅक तसेच पेटीत भरत नाहीत. ते टेबलावर घामेजू द्यायचे, मग एकेक कानापाशी धरून हलवायचा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला, की पेटीत. किती तरी पहाटे असे पॅक कानाला लावून मी उभी राहिलेय. आमचे मिस्टर म्हणायचे, "लागला का फोन?" शिवाय बाटलीवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. उष्णता सोसली की चौकोन गडद होत जातो. तो गोलाच्या रंगाचा झाला की बाटली बाद. तुम्हीही मागून बघा, सिस्टर चिडणार नाहीत. चिडल्या तर माझं नाव सांगा.

आईकडून मिळणारी शिदोरी फक्त धनुर्वाताची नसते, आणि ती जन्माची पुरणारीही नसते. गोवराची प्रतिपिंडंही आईकडून बाळाला येतात. ती अंगात असेपर्यंत गोवराची लस टोचली तर लसीतला दुबळा विषाणू काम करायच्या आतच मारला जातो. म्हणून गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. "इतकी घाई होती तर जन्मल्यावर का नाही दिला" विचारणाऱ्या बापांसाठी हे मुद्दाम लिहिलं. डांग्या खोकल्याचं उलट आहे. डांग्या खोकल्याची लस बाळाला पेंटाव्हॅलंट या पाच आजारांच्या एकत्र लसीतून मिळते, तिचा पहिला डोस दीड महिन्याला, आणि त्याआधी डांग्या खोकला झाला तर कोवळं बाळ खोकतही नाही, श्वासच थांबवतं. म्हणून खासगीत काही डॉक्टर सातव्या-आठव्या महिन्यात आईला टीडॅप सुचवतात, तिच्यात टीडीच्या जोडीला डांग्या खोकल्याचीही लस असते. परवडत असेल तर जरूर घ्या.

रुबेलाचं गणित आणखी लांबचं. हा आजार मोठ्यांना किरकोळ, अंगावर पुरळ, दोन दिवस कसर. पण पहिल्या तीन महिन्यांत गरोदर बाईला झाला तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचा दोष. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी हे पहिल्यांदा दाखवून दिलं. आणि ही लस जिवंत विषाणूची असल्यामुळं गरोदरपणी देता येत नाही. म्हणजे जिला पुढं आई व्हायचंय तिला ती लहानपणीच मिळायला हवी. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात शाळाशाळांतून मोहीम झाली, तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरत होतं की या सुईनं पोरींना पुढं मूल होणार नाही. मूल धड व्हावं म्हणून दिलेल्या लसीबद्दल हे! एका शाळेत तर मुख्याध्यापकांनी आधी स्वतःच्या नातीला रांगेत पुढं उभं केलं, मग बाकीचे पालक हलले.

कावीळ-बीची लस तेवढी उलटी: आईकडून बाळंतपणात विषाणू येऊ शकतो, म्हणून ती बाळालाच, चोवीस तासांच्या आत. जन्मावेळी लागण झालेल्या दहांतल्या साधारण नऊ बाळांत तो विषाणू कायमचा ठाण मांडतो. दवाखान्यातून डिस्चार्ज घेताना हा डोस झाला का, एवढं विचाराच. आणि चीक पिळून टाकू नका. त्यातली प्रतिपिंडं बाळाचं आतडं सांभाळतात, पण धनुर्वाताचं काम त्यानं होत नाही. "दूध पाजतोय की, मग सुई कशाला" हेही ऐकलंय म्हणून सांगते.

शेवटचा प्रश्न नेहमी दुसऱ्या खेपेला येतो: "परत घ्यायचं?" आधीच्या गरोदरपणात दोन्ही डोस झाले असतील आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस गेले असतील, तर एकच बूस्टर. जास्त अंतर पडलं असेल, किंवा कार्ड हरवलंय आणि आठवतही नाही, तर पुन्हा दोन. जास्तीच्या डोसानं बिघडत काही नाही, दंड चार दिवस दुखेल इतकंच. ऊसतोडीच्या बायांना हे खास लागू. पहिला डोस गावाकडं, दुसरा इथल्या तळावर, आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की बाई बाळंतपणाला परत गावी. टोळी पहाटे तीनला फडात जाते, म्हणून आम्ही संध्याकाळी, चुली पेटल्यावर जायचो. कार्ड बघायला मागितलं की नवरा आधी मुकादमाकडं बघायचा, मग कोपीत जाऊन रेशनकार्डाच्या पिशवीतून ते काढून आणायचा.