वाघिणीचा शेंदूर

१६ जानेवारी, रात्र

काल वासी उत्तरायण, पतंगांच्या संक्रांतीचा दुसरा दिवस, संपली. आज डभोई रस्त्यावर बाभळींवर आणि विजेच्या तारांवर नुसता मांजा लोंबत होता. शेतावर पोचेपर्यंत साडेनऊ वाजले. आज आम्ही चौघंच: काका, मिस्त्री, मिस्त्रींचा भाचा आणि मी.

वाघीण, म्हणजे रेल्वेचा जुना मालडबा, आता ठोकळ्यांवर उभी आहे. गेल्या रविवारी जॅक लावून चारही चाकं चिखलातून वर काढली. शेतकऱ्याच्या वडिलांनी ती भंगाराच्या लिलावात कडबा ठेवायला घेतली होती, म्हणून कापली गेली नाही. इंजिनाला कुणीतरी वाली भेटतो. त्याला रंग लागतो, स्टेशनासमोर चौथरा मिळतो, लोक फोटो काढतात. मालाचा डबा मात्र वजनावर विकला जातो. अडीच फूट अंतराच्या अरुंद रुळांवर या मुलखाचा कापूस, धान्य, मीठ ज्यांनी वाहिलं, त्या वाघिणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या तरी उरल्या असतील का, असं सारखं मनात येतं.

अण्णा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. ते घरी ‘वॅगन’ कधीच म्हणाले नाहीत. “आज तीन वाघिणी सोडल्या,” असं सांगत हात धुवायला जायचे. चाळीत मी चार-पाच वर्षांची असेन. वर्कशॉपच्या भिंतीपलीकडे खऱ्या वाघिणी बांधलेल्या आहेत, असं मला पुष्कळ दिवस वाटायचं.

आजचं काम रंगाचं. डाव्या बाजूच्या पत्र्यावर तळहाताएवढी चौकट आखून पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने हळूहळू घासत गेले. आधी करडा, मग विटकरी, परत विटकरी, मग काळा. काळ्याखाली एकदम झगझगीत नारिंगी. मी हात थांबवला. काका वाकून बघायला आले आणि म्हणाले, “शेंदूर आहे गं. लोखंडाला आधी शेंदूर, मग रंग.”

शब्दशः शेंदूरच. मारुतीला तेलात कालवून लावतात तो. इथे अळशीच्या तेलात कालवलेला. शिशाचा हा ऑक्साइड तेलाशी मिळून घट्ट थर धरतो आणि लोखंडाला गंज चढू देत नाही. इतक्या वर्षांनंतरही त्याच्याखालचा पत्रा निळसर काळा, निरोगी निघाला. पण शिसं ते शिसंच, अंगात गेलं की विष. म्हणून कोरडं घासायचं नाही, तोंडाला मास्क, खाली वर्तमानपत्रं, आणि निघालेला चिखल पिशवीत भरून परत न्यायचा. शेतात एक थेंब सांडू द्यायचा नाही. मिस्त्रींच्या भाच्याने मास्क दोनदा काढला, दोनदा ओरडले. तिसऱ्यांदा लागलं नाही.

काळ्या थरात पांढऱ्या रंगाची एक वळणदार रेघ होती. चौकट दोन बोटं वाढवली. इंग्रजी जी. शेजारी बी. गायकवाडांची बडोदा स्टेट रेल्वे! मी तिथेच मातीत बसले.

खंडेराव महाराजांनी १८६२ मध्ये डभोई ते मियागाम अडीच फुटी रूळ टाकले. भारतातली ही पहिली नॅरो गेज. अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस अडकला होता आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. रूळ इतके हलके की गाडी ओढायला बैल जुंपले. पुढच्या वर्षी इंजिनं आणून पाहिली, पण त्या रुळांना ती पेलेनात. भारी रूळ टाकून इंजिनं कायमची धावू लागली ती १८७३ मध्ये. आमची वाघीण एवढी जुनी नाही. पण त्याच घराण्यातली, हे आज तिच्याच अंगावर वाचलं.

१९४९ मध्ये संस्थानाची रेल्वे बी.बी. अँड सी.आय.मध्ये (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत) गेली आणि ५ नोव्हेंबर १९५१ ला त्या सगळ्याची पश्चिम रेल्वे झाली. वरच्या करड्या थरावर पश्चिम रेल्वेची अक्षरं आहेत, रिकाम्या डब्याचं वजन आहे, आणि परत वर्कशॉपात केव्हा यायचं ती तारीख, फिकट, शेवटचा आकडा गंजात गेलेला.

दुपारी फोनवर याच्यावरूनच वाद झाला. वाघीण दुरुस्त करणाऱ्या आमच्या गटातल्या दोघांचं म्हणणं, वाळूचा मारा करून एका दिवसात सगळं साफ करू आणि गायकवाडी अक्षरं नवी कोरी रंगवू, लोकांना तेच बघायला आवडेल. मी सरळ नाही म्हटलं. माझा आवाज चढला, त्याचं आत्ता वाईट वाटतंय, पण म्हणणं तेच आहे. वाळू मारली की थर गेले, ते परत आणता येत नाहीत. आणि पश्चिम रेल्वेची अक्षरं काय कमी मोलाची? त्यातली एखादी तारीख अण्णांच्या शेजारच्या पाळीतल्या पेंटरने पत्र्याचा साचा धरून उठवली असेल. वरचा थर राहू दे. गायकवाडी अक्षरांपुरती खिडकी उघडी ठेवू, तिच्यावर संरक्षक लेप देऊ. रात्री त्यांच्यातल्या एकाचा निरोप आला, ‘रविवारी येऊन बघतो’. येऊ दे.

खालच्या कडेची अवस्था मात्र वाईट. दोन पत्रे जिथे एकमेकांवर येतात तिथे गंज फुगलाय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, पत्रे आतून फाकवतो आणि शेवटी रिव्हेटची मान तोडतो. सतरा रिव्हेट गेलेत. वेल्डिंग नको, यावर काका आणि मी एकमत. रिव्हेट लालबुंद ठोकायचा, थंड होताना तो आक्रसतो आणि पत्रे आवळून धरतो. ती पकड वेल्डिंगला नाही. भट्टी पेटवणारा माणूस मिळेपर्यंत गोल डोक्याचे बोल्ट घालू आणि कुठे कुठे घातले ते वहीत लिहून ठेवू. तळाच्या सागवानी फळ्यांपैकी मिस्त्री दोनच बदलणार. एका फळीला जुनी, आडवी चिप बसवलेली आहे, इतकी नेटकी की मिस्त्री बराच वेळ तिच्यावरून अंगठा फिरवत राहिले. “आने नहीं अडवानुं,” म्हणाले. तिला हात लावायचा नाही.

निघताना काकांनी हातोडी घेतली आणि एकेका चाकावर टोला मारला, पूर्वी स्टेशनात गाडी उभी राहिली की मारायचे तसा. पहिलं चाक घंटेसारखं वाजलं, दुसरं आणि तिसरंही. चौथं ठप्प. माझ्या पोटात गोळा आला, तडा असेल तर चाक गेलं. काकांनी बॅटरी लावून आत बघितलं. ब्रेकचा ठोकळा गंजून चाकालाच चिकटलाय. तो धरून बसला की चाक वाजत नाही. डिझेलची चिंधी ठोकळ्यावर गुंडाळून आलो आहोत. परवा सुटतोय का बघायचं, आणि मग पुन्हा टोला.