स्लीप दोन

फोंड्याजवळच्या एका हायस्कूलात मी कॉम्प्युटर शिकवतो. चवथीच्या आदल्या आठवड्यात पोरांची मनं घरच्या माटोळीत, गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीत, अडकलेली असतात, म्हणून त्या दिवशी आठवीला लूप, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणं, शिकवायला सोनिक पाय हे कोड लिहून संगीत वाजवायचं सॉफ्टवेअर उघडलं. केंब्रिजच्या सॅम आरन यांनी शाळेतल्या मुलांसाठीच केलंय ते, आत रूबी भाषा, आणि कोड चालू असतानाच बदलायचा, पुढच्या फेरीला आवाज बदलतो. सँपल म्हणून एका पोराच्या घरचं घुमट, मडक्यासारखं मातीचं तालवाद्य, मोबाइलवर रेकॉर्ड करून आणलेलं. २०१९ पासून ते गोव्याचं वारसा वाद्य आहे, पण इथल्या पोरांना ते सांगावं लागत नाही, आरतीला हातात असतंच.

एका लूपमध्ये सोळा मात्रांचा त्रिताल, समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, घंटा. दुसऱ्यात मी तिहाई लिहिली, म्हणजे तीनदा वाजून शेवटचा ठोका समेवर पडणारा तुकडा, पाच मात्रांचा, वर 'थ्री डॉट टाइम्स'. रन केलं, वाजलं, एकही एरर नाही, मी खूश.

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, समेर येना." समेवर येत नाही.

हा मुलगा संध्याकाळी तबला शिकतो, पण माझ्या तासाला वर्षभर गप्प. मी कोड पुन्हा वाचला, मला काहीच चुकीचं दिसेना. तो उठला, बाकावर बोटं आपटत मोजू लागला, पाच त्रिक पंधरा, म्हणजे शेवटचा ठोका, धा, पंधराव्या मात्रेवर, सम तर सतराव्यावर, पुढच्या फेरीच्या पहिल्या मात्रेवर. "दोन मात्रा थांबून सुरू करा सर." वर एक ओळ टाकली, स्लीप दोन. धा आणि घंटा एकदम! अख्ख्या लॅबनं बाकं बडवली आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण तो बग मला स्क्रीनवर कधीच दिसला नसता, तो कानालाच कळणारा होता. गोव्याचे तबलावादक लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर हातापायांनी वेगवेगळे ताल एकाच वेळी धरायचे असं लहानपणापासून ऐकलंय, लूपवर लूप चालताना त्या दिवशी तेच आठवत होतं.

मग तो म्हणाला, "आणि डावा हात?" घुमटाच्या उघड्या तोंडावर डावा हात दाबून आवाज घुमवतात, आमचा प्रत्येक ठोका मात्र सारखाच. रेट, म्हणजे सँपल वाजायचा वेग, कमी करून बघितला, आवाज खाली उतरला पण लांबलाही. त्यानं मान हलवली. घंटा झाली तरी आम्ही दोघं तिथंच आकडे बदलत बसलो होतो, ०.९, ०.८५, ०.८, अजून जमलेलं नाही.