आयबी डिप्लोमा आणि विषयनिवडीचा एका पानाचा अर्ज

मुलीच्या शाळेने दिलेला विषयनिवडीचा अर्ज जेमतेम एका पानाचा होता, आणि आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय शिक्षणसंस्थेच्या डिप्लोमाविषयी आम्हाला जे काही खरोखर समजले, त्यातले बहुतेक त्या एका पानाशी झगडताना समजले. शाळेच्या कार्यालयाविषयीचा माझा राग अजून पुरता निवळलेला नाही, हे आधीच सांगते, म्हणजे पुढे तो कुठे डोकावला तर वाचकांना नवल वाटणार नाही.

कार्यक्रमाची रचना समजायला फार वेळ लागत नाही. १९६८ मध्ये जिनिव्हा येथे सुरू झालेल्या या संस्थेचा डिप्लोमा कार्यक्रम १६ ते १९ वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी असतो आणि तो दोन वर्षे चालतो. सहा विषय घ्यायचे असतात: मातृभाषेच्या तोडीची एक भाषा व तिचे साहित्य, दुसरी एक भाषा, एक सामाजिक शास्त्र, एक विज्ञान, गणित आणि एक कलाविषय, कला नको असेल तर तिच्या जागी भाषा, सामाजिक शास्त्र किंवा विज्ञान यांतला आणखी एक विषय घेता येतो. यांपैकी तीन, क्वचित चार, विषय उच्च स्तरावर म्हणजे एचएलला आणि बाकीचे प्रमाण स्तरावर म्हणजे एसएलला असतात. प्रत्येक विषयाला जास्तीत जास्त ७ गुण, शिवाय थिअरी ऑफ नॉलेज (ज्ञान कसे मिळते याचा विचार करणारा अभ्यास) आणि एक्स्टेंडेड एसे (स्वतः संशोधन करून लिहायचा दीर्घ निबंध) मिळून ३, असे एकूण ४५. एवढे शाळेच्या माहितीसभेतही सांगितले गेले. सभेचा उरलेला वेळ सर्वांगीण विकास या विषयावर गेला आणि त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

अडचण अर्जापासून सुरू झाली. त्यावर सहा रिकाम्या ओळी, प्रत्येक ओळीपुढे एचएल आणि एसएल अशा दोन चौकटी आणि तळाला बारीक अक्षरांत एक वाक्य होते: विषय उपलब्धतेनुसार बदलू शकतात. मुलीला अभियांत्रिकीकडे जायचे की अर्थशास्त्राकडे, हे तेव्हा तिचेच ठरले नव्हते; त्यामुळे भौतिकशास्त्र, गणित आणि अर्थशास्त्र हे तिन्ही एचएलला घेऊन दोन्ही वाटा मोकळ्या ठेवाव्यात, असे तिच्या मनात होते. मी कार्यालयाला तीन गोष्टी विचारल्या. वेळापत्रकाच्या कोणत्या ब्लॉकमध्ये, म्हणजे एकाच वेळी भरणाऱ्या तासांच्या कोणत्या गटात, कोणता विषय आहे, पुढे स्तर बदलायचा झाल्यास तो कधीपर्यंत बदलता येतो आणि कठीण गणिताचा एचएल वर्ग पुरेशा विद्यार्थ्यांअभावी भरलाच नाही तर काय करायचे. पहिल्या प्रश्नाला उत्तर आले की आधी अर्ज भरा, मग पाहू. दुसऱ्याला, की आयबी बदल करू देत नाही. तिसऱ्याला उत्तरच आले नाही, त्याऐवजी माहितीसभेतल्या स्लाइड पुन्हा पाठवण्यात आल्या.

ब्लॉकचा प्रश्न किरकोळ नसतो, कारण एकाच ब्लॉकमध्ये असलेले दोन विषय एका विद्यार्थ्याला घेता येत नाहीत, मग कागदावर ते कितीही शोभून दिसोत. आमच्याकडे नेमके भौतिकशास्त्र एचएल आणि अर्थशास्त्र एचएल एकाच ब्लॉकमध्ये निघाले, आणि तेही अर्ज स्वीकारल्यानंतर. मुलांच्या पसंती गोळा केल्यावरच ब्लॉक बांधता येतात, हे कार्यालयाचे म्हणणे मला नंतर पटले. पण तसे असेल तर ते अर्जावर लिहावे आणि पर्यायी पसंतीसाठी एक रकाना ठेवावा, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हती. दाराशी उभे करून आत कोण आहे ते न सांगणाऱ्या द्वारपालासारखा तो अर्ज होता.

‘आयबी बदल करू देत नाही’ या उत्तराने मात्र मी खरोखर चिडले, कारण ते तपासून पाहिल्यावर तसे निघाले नाही. मे महिन्याच्या परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांची आयबीकडे नोंदणी शाळा आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करते, म्हणजे दुसरे वर्ष बरेच पुढे सरकल्यावर. त्याआधीचे सगळे दरवाजे शाळा लावते किंवा उघडते. अर्थात शाळेला त्यासाठी सबळ कारण असते: एचएलच्या विषयाला २४० तासांचे आणि एसएलला १५० तासांचे अध्यापन अपेक्षित असल्याने वर्ष उलटून गेल्यावर खालून वर चढणाऱ्याला बुडालेले तास कुठून भरून द्यायचे, हा प्रश्न खरा आहे. परंतु हे कारण सांगणे वेगळे आणि दूरच्या संस्थेकडे बोट दाखवणे वेगळे. कार्यालयाने एखादा नियम सांगितला, की तो आयबीचा आहे की शाळेचा, हे नम्रपणे आणि लेखी विचारावे. शाळेचा नियम निघाला तर निदान बोलणी तरी करता येतात. आम्ही तसे विचारल्यावर पहिल्या सत्राच्या अखेरीपर्यंत बदलाला मुभा असल्याचे दोन ओळींचे पत्र मिळाले.

सर्वांत जास्त घोळ गणिताचा झाला. २०१९ पासून शिकवल्या जाणाऱ्या रचनेत गणिताचे दोन अभ्यासक्रम आहेत, अ‍ॅनालिसिस अँड अ‍ॅप्रोचेस आणि अ‍ॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन, आणि दोन्ही एचएल व एसएल अशा दोन्ही स्तरांवर असतात, म्हणजे एका विषयाच्या ओळीत प्रत्यक्षात चार पर्याय दडलेले असतात. अर्जावर फक्त ‘गणित’ असे छापलेले होते. पहिल्या अभ्यासक्रमात बीजगणित, कलन आणि सिद्धता यांच्यावर भर असतो आणि त्याची पहिली प्रश्नपत्रिका कॅल्क्युलेटरविना सोडवायची असते. दुसऱ्यात संख्याशास्त्र आणि प्रत्यक्ष परिस्थितीचे गणिती प्रारूप यांना महत्त्व असून सर्व प्रश्नपत्रिकांत कॅल्क्युलेटर चालतो. अभियांत्रिकीसाठी काही विद्यापीठे केवळ पहिल्याचा एचएल मागतात, तर काही दोन्हींपैकी कोणताही एचएल स्वीकारतात, आणि हे कोणत्याही शाळेच्या पत्रकात सापडत नाही. ज्या अभ्यासक्रमाला प्रवेश हवा आहे त्याच्या प्रवेशअटींच्या पानावरच ते वाचावे लागते. मी असे सुचवेन की आधी चार-पाच संभाव्य विद्यापीठांच्या अटी काढून ठेवाव्यात आणि मगच अर्जाला पेन लावावे.

शेवटी सुटका केली ती गणिताच्या शिक्षकांनी, कार्यालयाने नव्हे. त्यांनी मुलीला समोर बसवून शांतपणे सांगितले, की अ‍ॅनालिसिसच्या एचएलवरून त्याच्याच एसएलवर उतरणे सोपे असते, कारण एसएलचा सगळा भाग एचएलमध्ये असतोच. उलट दिशेने चढणे मात्र महागात पडते, म्हणून शंका असेल तर वरून सुरुवात करावी. मुलीने अ‍ॅनालिसिस आणि भौतिकशास्त्र एचएलला ठेवले, अर्थशास्त्र दुसऱ्या ब्लॉकमध्ये एसएलला घेतले आणि तिसरा एचएल म्हणून साहित्य निवडले. त्या संध्याकाळी मला जो हलकेपणा वाटला, तो पुढे निकालाच्या दिवशीही वाटला नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: एचएलचे ७ आणि एसएलचे ७ एकूण बेरजेत सारखेच धरले जातात, त्यामुळे केवळ भारदस्त दिसावे म्हणून चौथा एचएल घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. डिप्लोमासाठी किमान २४ गुण लागतात, पण तेवढे पुरत नाहीत. तीन एचएल मिळून १२ आणि तीन एसएल मिळून ९ गुण लागतात, कोणत्याही विषयात १ चालत नाही आणि थिअरी ऑफ नॉलेज किंवा एक्स्टेंडेड एसे यांपैकी एकात जरी ई ही सर्वांत खालची श्रेणी मिळाली तरी डिप्लोमा हातचा जातो. म्हणून ४,००० शब्दांपर्यंतच्या त्या निबंधाला गुण कमी म्हणून दुय्यम समजू नये. त्याचा विषय एचएलच्या एखाद्या विषयातून घेतला तर श्रम वाटून जातात. कॅसला, म्हणजे सर्जनशील काम, शारीरिक हालचाल आणि सेवा या उपक्रमांना, गुण नसतात, परंतु ते पूर्ण न केल्यास डिप्लोमा मिळत नाही; सुमारे अठरा महिन्यांच्या नोंदी वेळच्या वेळी लिहिल्या नाहीत, तर त्या ऐन परीक्षेच्या तोंडावर आठवून लिहाव्या लागतात. बहुतेक विषयांतील शाळांतर्गत कामाचे गुण शिक्षक देतात, मात्र नमुन्यादाखल काही काम आयबीकडे जाऊन ते गुण वर किंवा खाली सरकू शकतात, हेही मुलांना ठाऊक असलेले बरे.

मे महिन्यातल्या परीक्षेचा निकाल जुलैच्या सुरुवातीला लागतो. तो पाहण्याचा वैयक्तिक कोड आणि पिन शाळेतल्या आयबी समन्वयकांकडून सुट्टी लागण्यापूर्वीच घेऊन ठेवावा आणि कोणत्या विद्यापीठांना निकाल परस्पर पाठवायचा, त्याची यादीही तेव्हाच द्यावी, कारण जुलैत कार्यालयात कोणी फोन उचलेल याची खात्री नसते. फेरतपासणीचा अर्जही शाळेमार्फतच करावा लागतो आणि गुण कमीही होऊ शकतात म्हणून विद्यार्थ्याची संमती घेतली जाते. मुलीला गणितात ६ मिळाले; ७ थोडक्यात हुकले असावेत असे तिला वाटत होते, पण प्रवेशाची अट पूर्ण झालेली असल्याने तिने ती संमती दिली नाही.