तुम्ही विचारलंत म्हणून: सांगशाकला लढलेले मराठे कोणाचे?

इम्फाळ-कोहिमावरचे व्याख्यान संपले की एक प्रश्न हमखास येतो आणि विचारणाऱ्याच्या आवाजाला धार असते. १९४४ साली जपान्यांना अडवणाऱ्या हिंदी पलटणींबद्दल तुम्ही इतक्या आदराने बोलता, पण समोर नेताजींची फौज उभी होती. मग त्या सैनिकांना देशाचे म्हणायचे की साम्राज्याचे? अनेकदा तोंडी उत्तर दिले आणि प्रत्येक वेळी ते अर्धवट राहिले. तुम्ही विचारलंत म्हणून आता लिहून देतो.

मणिपुरातल्या मोइरांगला आझाद हिंद सेनेने फडकवलेला तिरंगा, जपानी सेनापती मुतागुची यांची महत्त्वाकांक्षा, कोहिमाच्या डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यातले टेनिस कोर्ट, हे सारे तुम्हाला ठाऊक आहे. क्वचितच कोणी विचारतो ते सांगशाकबद्दल, आणि माझे सगळे म्हणणे तेथेच अडकलेले आहे.

मणिपुरातल्या उखरुलच्या डोंगररांगेतले हे तांगखुल नागांचे गाव. मार्च १९४४ मध्ये पन्नासावी हिंदी पॅराशूट ब्रिगेड या भागात आली ती मुख्यतः जंगलातल्या लढाईचा सराव व्हावा म्हणून. मोठा हल्ला या वाटेने येईल असे वरिष्ठांना वाटत नव्हते. याच भागात आधीपासून असलेली मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन तिच्या हाताखाली देण्यात आली. १९ तारखेला पुढच्या ठाण्यावर जपानी तुटून पडले. ब्रिगेडमधल्या १५२ व्या बटालियनची एक कंपनी त्या टेकडीवर जवळजवळ संपली, आणि उरलेल्यांनी मागे येऊन सांगशाकच्या माथ्यावर मोर्चे घेतले. माथा लहान होता, त्यात दोन-तीन फुटांखाली खडक लागत असल्याने खंदक छातीइतकेही खोल जात नव्हते. काटेरी तार नव्हती. पाण्याचा झरा वेढ्याबाहेर. विमानांनी टाकलेल्या रसदीतला मोठा भाग वाऱ्याने शत्रूच्या हाती जात होता. मारलेल्या खेचरांची कलेवरे माणसांच्या शेजारीच पडून सडत होती, कारण ती पुरायला ना जागा होती ना उसंत.

अशा माथ्यावर मराठे, गुरखे आणि पॅराशूट पलटणीतले इतर हिंदी व गोरे सैनिक २२ ते २६ मार्च टिकून राहिले. जपानची ५८ वी रेजिमेंट रात्रीमागून रात्र चढून येत होती. गावाच्या चर्चभोवतीची जागा हातघाईत गेली, परत घेतली, पुन्हा गेली. एका मृत जपानी अधिकाऱ्याजवळ नकाशे सापडले आणि कोहिमाच्या दिशेने एक आख्खी डिव्हिजन निघाली आहे हे त्यांतून कळले. ते नकाशे वेढ्यातून माणसे चोरवाटेने इम्फाळला पोहोचवून आली. २६ च्या संध्याकाळी बिनतारी संदेश आला की वेढा फोडून बाहेर पडा. चालू शकणारे जखमी बरोबर निघाले आणि ज्यांना उचलून नेणे शक्य नव्हते त्यांना तेथेच ठेवावे लागले. ब्रिगेडचे सुमारे सहाशे लोक मेले, जखमी झाले किंवा हरवले. शत्रूचे नुकसानही त्याच तोडीचे होते.

त्या माथ्यावर मी जाऊन आलो आहे. तेथे उभे राहिल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी की लपायला जागाच नाही. ज्या जखमींना मागे ठेवले त्यांच्याबद्दल बोलताना माझा आवाज चढतो, हे खरे आहे, आणि श्रोत्यांना तो आवाज साम्राज्याच्या कौतुकाचा वाटतो, हेही मला दिसते.

पण त्या दिवसांची किंमत मोजून पाहा. जपान्यांचा सारा डाव वेळेवर रचलेला होता: जवळ जेमतेम तीन आठवड्यांचे अन्न, आणि उरलेली गरज इम्फाळ-दिमापूरची कोठारे लुटून भागवायची. सांगशाकला ते अडकले तेवढ्यात ब्रह्मदेशच्या किनाऱ्यावरच्या आराकानहून पाचवी हिंदी डिव्हिजन विमानांनी उचलून आणता आली, आणि कोहिमाला थोडी का होईना शिबंदी पोहोचली. एप्रिलच्या आरंभी कोहिमाला वेढा पडला, पण दिमापूरचे रेल्वेस्थानक वाचले. ते पडले असते तर आसामातले विमानतळ, चीनकडे जाणारी हवाई रसद आणि उत्तर ब्रह्मदेशातली आघाडी, सगळेच धोक्यात आले असते. पुढे इम्फाळचा वेढा २२ जूनपर्यंत चालला. तोवर विमानांनी सुमारे १९ हजार टन सामान आत पोहोचवले. निघालेल्या सुमारे ८५ हजार जपान्यांपैकी ५० हजारांहून अधिक मेले, जखमी झाले किंवा आजाराने निकामी झाले. मे १९४५ पर्यंत रंगूनच्या उंबरठ्यावर पोहोचलेली ब्रिटिशांची चौदावी फौज याच पराभवाच्या पाठीवरून पुढे गेली, आणि तिच्यात सर्वांत मोठा भरणा हिंदी सैनिकांचा होता. युद्धाची दिशा बदलली असे मी म्हणतो ते यामुळे.

आता तुमच्या प्रश्नाचा अवघड भाग. सांगशाकला समोर मुख्यतः जपानीच होते, हे उत्तर मी बरीच वर्षे देत आलो, आणि ते खोटे नाही. पण इम्फाळजवळच्या पालेलच्या विमानतळाकडे आझाद हिंद सेनेची गांधी ब्रिगेड चालून गेली, तेथे हिंदी माणसाने हिंदी माणसावर गोळी झाडली. आझाद हिंद सेनेचे चीफ ऑफ स्टाफ जगन्नाथराव भोसले हे सावंतवाडीकडचे, आणि त्यांची सुरुवातीची नेमणूक मराठा लाइट इन्फन्ट्रीतलीच. मग एकाच पलटणीची परंपरा दोन्ही बाजूंना उभी होती, हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय वर्षभर आधीच बंगालात लाखो माणसे अन्नावाचून मेली होती आणि त्याच सरकारच्या पगारावर हे सैनिक लढत होते. ही गोष्ट व्याख्यानात मी टाळत नाही. तुम्ही ती ऐकत नाही, असे मात्र मला कधी कधी वाटते.

तरुणपणी मी एक सोयीची जुळणी केली होती. आझाद हिंद सेना रणांगणावर हरली, पण तिच्या अधिकाऱ्यांवरचे लाल किल्ल्यातले खटले आणि फेब्रुवारी १९४६ चे मुंबईचे नाविक बंड यांनी इंग्रजांचा हिंदी सैन्यावरचा विश्वास मोडला. म्हणजे एकाने जपानला थोपवले, दुसऱ्याने इंग्रजाला घालवले, दोघेही धन्य. त्या तरुणाशी माझे आज पटत नाही. सांगशाकच्या खडकावर पडलेला सातारा-रत्नागिरीकडचा शिपाई १९४६ साठी मेला नव्हता, आणि माघारी फिरताना हिवतापाने व उपासमारीने गेलेला आझाद हिंद सेनेचा जवानही दुसऱ्या कोणाच्या हिशेबातली अर्धी बाजू भरण्यासाठी निघाला नव्हता. दोघांची बेरीज केली की दोघांचेही म्हणणे पुसले जाते. तरीही तो तरुण मला विचारतो की मग जपान्यांच्या संगिनीमागून आलेले स्वातंत्र्य तू पत्करले असतेस का, आणि त्याला मी अजून नाही म्हणतो. तो लगेच विचारतो की मग बंगालचे काय, आणि तेथे मी थांबतो.

एवढे मात्र हट्टाने म्हणेन. सांगशाकच्या ब्रिगेडवर सुरुवातीला ठपकाच आला होता. ऑगस्ट १९४४ मध्ये चौदाव्या फौजेचे सेनापती स्लिम यांनी तिच्या कामगिरीची लेखी दखल घेतली, तेव्हा कुठे तो पुसला जाऊ लागला. एका सेनापतीने उशिरा दिलेला तो न्याय आपण, त्यांच्याच गावांतली माणसे, फक्त प्रश्नाच्या धारेपायी नाकारणार असू, तर ते मला मान्य नाही. त्यांना कोणाचे म्हणायचे हे तुम्ही ठरवा. माझे अजून ठरलेले नाही.