काळी चारवरून काळी एकवर

अकरा वर्षं मी काळी चारमध्ये गाते आहे, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा माझा सा. ग्वाल्हेरमधल्या लश्करच्या आमच्या घरात संध्याकाळी तानपुरा लागला की तो काळी चारमध्येच लागणार, हे शेजारच्या शर्मा आंटींनाही पाठ आहे. त्यामुळे गेल्या वर्षी वृंदगानाच्या निवडीला गेले, तेव्हा पहिला धक्का पट्टीचाच बसला.

वृंद अठरा ते तीस वयाच्या मुलामुलींचा. नियम एकच, पण कडक: जे गायचं ते देशातल्या हयात संगीतकारानं नव्यानं रचलेलं हवं. चालवणारे दादा पहिल्याच दिवशी संगीतकार सलिल चौधरींच्या बॉम्बे यूथ क्वायरबद्दल आणि मद्रासमध्ये वृंदगान उभं करणाऱ्या एम. बी. श्रीनिवासन यांच्याबद्दल तासभर बोलले. समूहासाठी मुद्दाम रचलेलं, आपल्या भाषांतलं गाणं या देशात याआधीही झालंय, हे त्यांना आमच्या डोक्यात घालायचं होतं. माझ्या डोक्यात तेव्हा शाळेतली प्रार्थना आणि पंधरा ऑगस्ट, एवढंच समूहगान होतं.

गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, "कोरसात? बेहलावे कुठे घेणार तिथे?"

बेहलावे म्हणजे ख्यालातला संथ, सूर ओढत केलेला विस्तार. प्रश्न बरोबर होता. निवडीच्या वेळी दादांनी मला पंचम, म्हणजे प, धरायला सांगितला आणि स्वतः शेजारच्या धैवतावर, ध-वर, जाऊन बसले. चार मात्रा तग धरला, पाचव्या मात्रेला मीही धैवतावर! जिथे सूर तिथे आपण, हेच तर इतकी वर्षं शिकले होते. "पुढच्या रविवारी पुन्हा या," एवढंच ते म्हणाले. तो आठवडा मी मोबाइलवर धैवत वाजता ठेवून पंचम धरायचा सराव केला. आईनं दोनदा येऊन विचारलं, काही बिघडलंय का म्हणून.

तिसऱ्या खेपेला घेतलं, बायकांच्या खालच्या आवाजात.

आता पट्टीचं. ख्यालात बाईची पट्टी वेगळी, बुवाची वेगळी, आणि कुणाचं काही अडत नाही. वृंदात बावीस जणांना मिळून सा एकच. तो ठरला काळी एक, कारण पुरुषांना तिथे सोयीचं पडतं. आम्ही खालच्या बायका मंद्र पंचमापासून, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प-पासून गायचो. हा मंद्र पंचम म्हणजे कोणती पट्टी? काळी चार. म्हणजे माझा घरचा सा! दादा म्हणायचे "पंचम", माझा कान म्हणायचा "षड्ज", आणि पुढचे सगळे स्वर चुकत जायचे. जवळजवळ महिनाभर मी डोक्यात दोन तानपुरे घेऊन हिंडत होते. शेवटी घरचा रियाज आठवड्यातून तीन दिवस काळी एकमध्ये सुरू केला, तेव्हा कुठे कान वळला. गुरुजींना हे सांगितलं नाही.

रचना एका तरुण बाईंची होती, राहणाऱ्या पुण्याच्या, वय पस्तिशीच्या आसपास. पाऊस न आलेल्या गावाबद्दल मराठी शब्द, चार आवाज. पीडीएफ आली ती पाश्चात्त्य स्वरलिपीत. ती वाचता येणारे आमच्यात दोघेच. त्यातली एक केरळची, लहानपणापासून चर्चमध्ये गाणारी. तिच्या शेजारी बसून मी सगळी रचना भातखंडे लिपीत, म्हणजे संगीतपंडित भातखंड्यांच्या सा-रे-ग-मच्या लिपीत उतरवली. आमच्या शहरात हे सोपं जाईल असं वाटलं होतं. 1918 साली भातखंड्यांच्याच मार्गदर्शनाखाली इथे माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं, त्यांची लिपी इथे मुरलेली आहे. पण पहिल्याच तालमीत वरच्या सा-वर जायच्या जागी एक मुलगा थेट तळाला गेला. सगळे हसले, तो चिडला. "वर टिंब आहे ना?" तो विष्णु दिगंबर पलुस्करांच्या लिपीत शिकलेला. त्या पद्धतीत वरचं टिंब म्हणजे मंद्र, भातखंड्यांच्या पद्धतीत वरचं टिंब म्हणजे तार, वरच्या सप्तकातला सूर! चूक त्याची नव्हतीच. मग मी बावीस प्रतींवर लाल पेननं "टिंब वर, सूर वर" लिहीत बसले.

"ळ" हेही माझ्याच गळ्यात पडलं. निम्मा वृंद हिंदी बोलणारा, "आभाळ"चं "आभाल" व्हायचं. मी त्यांच्याकडून "कमळ, बाळ, जवळ" घोकून घेतलं. एकानं त्याचा रॅप केला. बरा होता.

सगळ्यात अवघड गेला तो श्वास. ख्यालात आलाप जिथे संपवायचा तिथे संपवायचा आणि मग श्वास घ्यायचा, त्यात थोडी ऐटही असते. इथे एक सूर सोळा मात्रा अखंड ऐकू यायला हवा, मग श्वास आळीपाळीनं चोरायचा. तोही शब्दाच्या मध्ये, शेजारणीचा भरलेला असताना, आणि परत येताना आवाज इतका हळू आणायचा की आल्याचं कुणाला कळू नये. मी परत यायचे ती जरा मींड घेऊनच, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत. दादा थांबवायचे. "ताई, दारातून आत या, नाचत येऊ नका."

शेवटी सगळ्यांचे वेगवेगळे सूर एकदम लागायचे, त्यात माझा सूर गंधार, म्हणजे ग, होता. तिथेच आमचं घोडं अडलं. तालमीत आम्ही हार्मोनियमवर गंधार मिळवायचो, आणि कार्यक्रमात साथीला तानपुरा. तानपुऱ्याच्या खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा-च्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, स्वयंभू म्हणतात तो. पेटीतला गंधार त्याहून जरासा चढा. पेटीशी जुळवलं की तानपुऱ्याशी बेसूर, तानपुऱ्याशी जुळवलं की बाकीचे माझ्याकडे बघायचे. दोन महिने मी त्या एका सुरावर घालवले. जानेवारीच्या धुक्यात सकाळी सहाला तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेची पानंही खाऊन आले, गळा सुधारतो म्हणतात ना. तोंड आंबट झालं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संगीतकार ताई स्वतः आल्या. मागच्या रांगेत शाल गुंडाळून बसल्या आणि डोळे मिटून सगळं ऐकलं. मग उठून तानपुऱ्यापाशी आल्या, कान लावला, दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत.

"गंधार कोण गातंय?"

मी हात वर केला. मिजास नको दाखवायला, पण मला कौतुकाची अपेक्षा होती.

"काढून टाकू या. तानपुऱ्यात आहेच तो. मी घरी कीबोर्डवर रचलं, मला तिथे ऐकूच आला नव्हता." पेन्सिल काढून माझ्या प्रतीवर त्यांनी गंधारावर काट मारली आणि खाली लिहिलं: मंद्र प.

मला रडू यायचं बाकी होतं. दुसरीकडे हेही जाणवत होतं की अठराव्या शतकातल्या सदारंगांच्या बंदिशीत शंका आली तर आपण गुरुजींचं तोंड बघतो, ते त्यांच्या गुरूंचं सांगतात, आणि पुढे विचारायला कुणी उरत नाही. इथे रचणारी बाई समोर उभी राहून "माझं चुकलं" म्हणत होती.

कार्यक्रम एका कॉलेजच्या सभागृहात झाला. माणसं साठ-सत्तर, त्यात निम्मे आमचे आई-बाप. शहराला 2023 साली युनेस्कोनं संगीतनगरी म्हटलंय, पण नवं गाणं ऐकायला लोक अजून जपूनच येतात. मधल्या भागात पुरुष अर्धी मात्रा पुढे पळाले, ते दादांनी हातानं आवरलं. शेवटी मी मंद्र पंचम लावला, माझी काळी चार, आणि पहिल्यांदाच कान कुठे गेला नाही.

गुरुजी आले होते. बाहेर चहा घेताना म्हणाले, "सूर स्थिर होता." मग थोडं थांबून, "घरी पट्टी कोणती घेतेस हल्ली?"

रात्री साडेअकराला ग्रुपवर नवीन पीडीएफ आली. आवृत्ती सात. गंधार परत आला होता, पुरुषांकडे.