चौकटीतले चौघे

परवा दुपारी केस कापायला गेलो होतो. परळच्या त्या सलूनमध्ये आरशाच्या वर टीव्ही आहे आणि तो कायम मुका असतो, कारण रेडिओही चालू असतो. टीव्हीवर कुठल्याशा पुरस्कार सोहळ्याचं पुनःप्रक्षेपण चाललं होतं. निकाल आठवड्यापूर्वीच मोबाइलवर येऊन शिळे झालेले. तरी पाकीट उघडायच्या वेळी माझ्या कानामागची कात्री थांबली. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने अर्ध्या गालावरच्या फेसासकट मान वर केली. नाव वाचलं गेलं, आम्हाला अर्थातच ऐकू आलं नाही. "हिला कशाला?" असं म्हणून कात्री पुन्हा सुरू झाली.

मला विजेत्यांमध्ये फारसा रस नसतो. पडद्यावर पाच चौकटी येतात, एक मोठी होते आणि बाकीच्या चार पुसल्या जातात. त्या पुसल्या जाण्याआधी ते चौघे काय करतात, एवढ्यासाठीच मी हे सोहळे बघतो. एखादा नाव पूर्ण व्हायच्या आतच टाळ्या वाजवायला लागतो. एखादी शेजारणीच्या कानाशी लागून उगाच हसते. एखादा वर छताकडे बघतो, जणू तिथला पंखा मोजतोय. बायको म्हणते, हा दुष्टपणा आहे. असेल.

आमच्या लालबागच्या चाळीत गणपतीत अशा चौघांसाठी 'उत्तेजनार्थ' असायचं. पहिल्याला तांब्या, दुसऱ्याला पेला आणि उत्तेजनार्थ म्हणजे वाटी. वक्तृत्व, चित्रकला, पाठांतर, कशातही मला वाटीच. सहा वर्षांत सहा जमल्या, सगळ्यांवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं 'उत्तेजनार्थ'. पाहुणे आले की आई त्यांतच आमटी वाढायची. बाबांच्या साहेबांनाही एकदा उत्तेजनार्थ आमटी मिळाली होती.

वाहिन्यांच्या पुरस्कारांबद्दल काय बोलायचं? घरचंच लग्न आणि घरचाच आहेर. सासूला मिळतं, सुनेला मिळतं, आजेसासऱ्यांनाही रिकाम्या हाताने धाडत नाहीत. आई ते मनापासून बघते. खलनायिकेला मिळालं की म्हणते, "मिळायलाच हवं. किती छळलंन तिला."

बाबांचं तसं नव्हतं. बाबा एकदाच पुरस्कारात पडले आणि कायमचे दुखावले गेले. २५ मार्च २००२ची सकाळ. तिकडे अमेरिकेत अजून रविवारची संध्याकाळ होती आणि ऑस्करच्या पाच परभाषी चित्रपटांत 'लगान' होता. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत कॉटवर, कॉटखाली, दारात मिळून अर्धी चाळ. बाबांनी सगळा हिशेब करून ठेवला होता. दिग्दर्शक गोवारीकर, म्हणजे आपला. सेट नितीन देसाईंचे, म्हणजे आपले. कपडे भानू अथैयांचे, त्या तर कोल्हापूरच्या आणि १९८३ साली 'गांधी'च्या कपड्यांसाठी ऑस्कर घेऊन आलेल्या. "घरात एक आहेच," बाबा म्हणाले, जणू आमच्याच शोकेसमध्ये ते होतं. (अथैयाबाईंनी ते पुढे २०१२मध्ये अकादमीला सांभाळायला परत दिलं. हे बाबांना पटलं नाही. "आमच्याकडे ठेवायचं," म्हणाले.)

चहाच्या दोन फेऱ्या झाल्या, मग पाकीट उघडलं. बोस्निया.

कोणीच काही बोललं नाही. मग दारातून कोणीतरी विचारलं, "हे कुठं आलं?" वार्षिक परीक्षा तोंडावर असल्याने माझा नकाशासंग्रह समोरच होता. बाबांनी तो ओढून घेतला, बोट फिरवत फिरवत शोधलं आणि म्हणाले, "एवढुस्सा तर आहे." त्यानंतर कारणं सुरू झाली. त्यांना क्रिकेट कळत नाही. पावणेचार तास बसायची त्यांना सवय नाही. साहेब हरलेला गोऱ्यांना बघवत नाही. तो दुसरा सिनेमा खोलीतल्या एकाही माणसाने पाहिला नव्हता, त्यामुळे एकमत व्हायला अडचण आली नाही.

पुढे कुठलाही पुरस्कार लागला की बाबा बोस्निया काढायचे. भाच्याला स्कॉलरशिप हुकली, बोस्निया. सोसायटीच्या निवडणुकीत पडले, बोस्निया. शब्दच झाला तो घरात.

तो सिनेमा मी बऱ्याच वर्षांनी, एका रात्री एकट्याने पाहिला. जेमतेम पावणेदोन तासांचा. युद्धात दोन्ही बाजूंच्या मधल्या खंदकात एक जखमी सैनिक पडलाय, त्याच्या पाठीखाली सुरुंग. तो हलला की फुटणार. बाकीचे भांडतात, पत्रकार येतात, शांतिसेना येते. सुरुंग निकामी करणारा माणूस बघतो आणि सांगतो, हे होणार नाही. मग सगळे हळूहळू गाड्यांत बसून निघून जातात आणि कॅमेरा वर वर जात राहतो. तो तिथेच, पाठीवर, आभाळाकडे बघत.

मी टीव्ही बंद करून बराच वेळ बसून होतो. सकाळी चहा घेताना बाबांनी विचारलं, "रात्री उशिरापर्यंत काय बघत होतास?"

"काही नाही," म्हटलं, "मॅच होती जुनी."