आधी खडू, मग टॅबलेट

प्रोग्रॅम म्हणजे आधीच ओळीने मांडलेल्या सूचना, हे शिकवायला आज पहिली-दुसरीच्या मुलांसोबत फरशीवर खडूने ४ × ४ चौकोन आखले, प्रत्येक साधारण ३० सेंमीचा. एक मूल यंत्रमानव, दुसरं त्याला खाऊपर्यंत नेणारी बाणांची कार्डं ओळीने मांडणारं. आधी सगळी कार्डं मांडायची, मगच चालायचं. हा नियम सोडला की ते नुसतं वाट दाखवणं होतं, प्रोग्रॅम राहत नाही.

चुका ठरलेल्या असतात. मुलं यंत्रमानव उभा असलेला चौकोनच ‘एक’ मोजतात, त्यामुळे एक पाऊल कमी पडतं. समोर बसलेल्याचं डावं-उजवं उलटं होतं. कार्डं मांडणाऱ्याला यंत्रमानवाच्या मागे बसवा. आणि यंत्रमानवाला खाऊ कुठे ठेवलाय हे कळलं, की तो चुकीची सूचना स्वतःच सुधारून चालतो! म्हणून त्याला मुक्काम सांगायचाच नाही. चुकलं तिथल्या कार्डावर खडा ठेवायचा, तेवढं एकच कार्ड बदलायचं आणि पुन्हा सुरुवातीपासून चालायचं. माझ्या मते सगळ्यात मोलाचं शिक्षण इथे होतं.

त्यानंतर स्क्रॅच-ज्युनिअर, म्हणजे सूचनांचे ठोकळे जोडून पडद्यावरचं पात्र हलवायचं लहान मुलांचं ॲप, दोघांत एक टॅबलेट. इथे एक अडचण हमखास येते. फरशीवर ‘उजवीकडे वळ, पुढे जा’ चालतं, पण स्क्रॅच-ज्युनिअरमध्ये वळवलेलं पात्रही उजव्या बाणाला पडद्याच्या उजवीकडेच सरकतं. वळण्याच्या ठोकळ्यात १२ लिहिलं तर पूर्ण फेरी, म्हणजे काटकोनाला ३. पहिलीच्या मुलांना हे पेलत नाही. त्यांच्यासाठी फरशीवरही वळणं नकोत. वर, खाली, डावा, उजवा एवढे चारच बाण ठेवा.